कोंडलेले निरोप

टक्... टक्. अंड्याच्या आतून पिल्लानं चोच मारली होती. मी ऐकलेला तो पहिला आवाज. किती काळ लोटला, पण अजून कानात आहे. मला कान नाहीत म्हणा, पण तेवढं चालवून घ्या.

मी तळहाताएवढा कॉम्प्युटर बोलतोय. आत लिनक्स नावाची प्रणाली, बाहेर एक हिरवा दिवा. ताईच्या खोलीत अंडी उबवायच्या पेटीशेजारी टांगलेला असतो. पेटीची ऊब बघायची, बिघाड दिसला की ताईच्या फोनवर निरोप धाडायचा, एवढंच माझं काम. हात मला नाहीत.

ताईचा धाकटा भाऊ परगावी असतो. नेटवरूनच माझ्यात येऊन डागडुजी करतो. एका दुपारी कुणी परका माझा पासवर्ड ओळखायला सारखा धडपडत होता. भावानं फोन केला.

“ताई, जरा वेळ याचं नेट पूर्ण बंद करतो.”

“अरे, उद्या पिल्लं बाहेर येतील. आजच कसली डागडुजी?”

“तुझा चहा होईस्तोवर चालू करतो गं.”

“तुझं ‘होईस्तोवर’ मला माहीत आहे!” हसत ती स्वयंपाकघरात गेली.

एरवी तो आधी मला बजावून ठेवायचा, ‘ठरल्या वेळी नेट आपणहून उघड.’ मगच बंद करायचा. त्या दिवशी बोलण्याच्या नादात ते राहिलं. परक्याबरोबर तो स्वतःही बाहेर अडकला.

आणि पेटीतला पंखा थांबला.

ऊब चढू लागली. मी निरोप लिहिला. गेला नाही. पुन्हा लिहिला. आतली टकटक वाढली, मग विरळ होत गेली. मी नुसता बघत होतो.

शेवटी ताई धावत आली. भावाचा फोन कानाला.

“इतका वेळ काय करत होतास रे?”

“आत शिरायला बघत होतो... तू हसशील म्हणून बोललो नाही. माझी वायर काढून परत लाव. बंदी तात्पुरती आहे, बंद होऊन चालू झाला की निघून जाईल.”

“तुझी वायर?”

“त्याची गं, कॉम्प्युटरची!”

वायरीकडे जाताना तिचा हात पेटीच्या काचेला लागला. चटका बसला. तिनं आधी झाकण उघडलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. मग वायर काढून लावली. मी जागा झालो आणि माझे साठलेले निरोप एकामागून एक तिच्या फोनवर वाजले.

मला कोंडायचं तर कोंडा, बाबांनो. कधी कधी ते लागतंच. पण उघडायचं आधी सांगून ठेवा. आणि चुकलात तर लाजू नका, लगेच बोला. आत जीव असतात.

ताईनं एक अंडं कानाशी धरलं. खाली ठेवलं. दुसरं धरलं. तेही ठेवलं. तिसऱ्याशी ती तशीच थांबली.

टक्.

“ताई? काय झालं? बोल ना!” फोनमधून भाऊ विचारत होता.

तिनं अंडं हळूच जागेवर ठेवलं, माझ्यावरची धूळ बोटानं पुसली आणि निघून गेली.