तिसऱ्या पायरीतली बुरशी

मी एक जुनी बुरशी आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका. माझं फळ ताटात आलं की तुम्ही त्याला अळंबी म्हणता. पायरीवर उगवलं की कुत्र्याची छत्री!

धुळीच्या कणाएवढा बीजाणू होऊन मी या लाकडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पडले. भिंतीतला पाइप तिथे थेंब थेंब गळत होता, म्हणून रुजले. कोरड्या लाकडात माझी डाळ शिजत नाही. झाडासारखं उन्हावर अन्न तयार करणं मला येत नाही आणि चावायला तोंडही नाही. मी लाकडात पांढरे तंतू पसरते, त्यांतून रस सोडते, लाकूड बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. रानात पडलेल्या झाडांची माती माझीच भावंडं करतात. त्याबद्दल कोणी शाबासकी दिल्याचं ऐकिवात नाही.

वरच्या खोलीत आत्याबाईंचं शिलाई मशीन होतं. तीस वर्षं त्या रोज हा जिना चढत होत्या. पहिल्यांदा त्यांनाच कळलं.

"अरे, तिसरी पायरी मऊ लागतेय."

"आत्या, पायरी नाही, तुझे गुडघे मऊ झालेत," भाचा हसला. त्याने माझी छत्री खरवडून टाकली.

सुताराने पायरी ठोकून पाहिली. "आतून पोकळ झालीय. आधी पाइप बदला, मग पायरी बदलू."

"पाहुणे यायचेत हो. तूर्त रंग मारून टाका," भाचा म्हणाला.

रंग चकचकीत बसला. त्यातूनही मी तीनदा छत्री वर काढली. आत्याबाईंना सावध करायला नव्हे, खोटं कशाला बोलू? बीजाणू उडवायला. पण बघणाऱ्याला तेवढं पुरलं असतं. तिन्ही वेळा भाच्याने ती खरवडली.

एके सकाळी आत्याबाई कापड काखेत घेऊन चढत होत्या. पायरी मोडली आणि त्यांचं खुब्याचं हाड गेलं. आता त्यांची खाट खालीच असते.

"मशीनला तेल घातलंस का रे?" त्या विचारतात.

"घातलं, आत्या."

जिना तर कोणी चढलेलंच नाही. मला कळणार नाही?

"या मेल्या बुरशीने घात केला," असं भाचा येईल त्याला सांगतो. त्याने तिसरी फळी नवी बसवली. पाइप तोच आहे.

मित्रांनो, मला खुशाल खरवडा. पण आधी पाणी कुठून येतं ते बघा, आणि म्हातारं माणूस काही सांगत असेल तर ऐका. मी आता चौथ्या पायरीत आहे.