थांबलो की मामा बसतो

परदेशातून परत आल्यावर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "तिथे काय केलंस?" त्यांना नेतृत्व, सेवाभाव असलं काहीतरी भारदस्त हवं होतं, कॉलेजच्या अंकात छापायला. मी म्हटलं, "बडबड केली, मॅडम." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ते तू इथेही करतेस," म्हणाल्या.

खोटं कशाला बोलू, करते. कॉलेजात मला सगळे रेडिओ म्हणतात. मी डोळे उघडले की तोंड उघडते. दात घासतानाही बोलते. समोरच्याला कळत नाही, पण माझं काही अडत नाही. लायब्ररीतून मला कितीदा बाहेर काढलंय त्याचा हिशोब लायब्ररीवाल्यांनीच सोडून दिला. कॅन्टीनवाले काका तर रांग मोडून माझा चहा आधी देतात. तेवढा वेळ तरी शांतता, असं ते माझ्या तोंडावर म्हणतात.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग परीक्षेच्या तोंडावर माझ्या रूममेटने गादी गुंडाळली. तिला आम्ही टॉपर म्हणतो. भांडण नाही, तंटा नाही. दारात उभी राहून म्हणाली, "तू मनाने चांगली आहेस गं. पण तुझ्या बोलण्याने माझं डोकं उठतं. सुट्टीत घरी गेले तरी कानात तूच." आणि कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाच्या खोलीत राहायला गेली. मी मोठ्याने हसले, "सुटलीस बाई एकदाची," म्हटलं. मग दार लावलं आणि पोटभर रडले. मला फार लागलं होतं ते.

त्याच सुट्टीत कॉलेजकडून परदेशी स्वयंसेवेला जायचं माझं ठरलं होतं. विमानतळावर सोडायला आई-बाबा आले आणि मामाही आला. माझा मामा म्हणजे रुसण्यात एक नंबर. त्या दिवशी गाडीत पुढची सीट मिळाली नाही म्हणून तो पार्किंगमध्येच बसून राहिला आणि मला टाटा करायला आईने त्याला अक्षरशः ओढून आणलं. मी मात्र मनाशी पक्कं केलं होतं, की तिकडे गेल्यावर तोंडाला कुलूप. तिथली भाषा कामापुरती येत होती, तेवढी पुरे. जगात एक तरी जागा अशी असू दे, जिथे माझ्यामुळे कुणाचं डोकं उठत नाही.

मी मागितलं होतं मुलांना शिकवायचं काम. मिळालं कुत्र्यांचं शेल्टर. लांबट इमारत, दोन्ही बाजूंना जाळीच्या खोल्या, मध्ये ओला सिमेंटचा पट्टा, आणि फिनेलचा असा वास की जेवताना पावालाही तोच. तिथल्या प्रमुख बाईंच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा असायचा की त्या दिसण्याआधी ऐकू यायच्या. मी मनातल्या मनात त्यांना किल्लीबाई म्हणायचे. सकाळी खोल्या धुवायच्या, भांडी घासायची, मग एकेकाला पट्टा लावून फिरवून आणायचं. मी "हो", "नाही" आणि "झालं" या तीन शब्दांवर आठवडा काढला. किल्लीबाई कौतुकाने दुसऱ्यांना सांगायच्या, "ही मुलगी किती शांत!" घरच्यांनी ऐकलं असतं तर चक्कर येऊन पडले असते.

शेवटच्या खोलीत एक तपकिरी, जाडजूड, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा कुत्रा होता. चावत नव्हता, भुंकत नव्हता. त्याचं एकच दुखणं होतं. फिरायला नेला की चार पावलं चालायचा आणि रस्त्याच्या मधोमध बूड टेकायचा. ओढा, खाऊ दाखवा, टाळ्या वाजवा. तोंड वळवून बसून राहायचा. दोन घरांनी नेऊन परत आणून सोडला होता. मी त्याला पाहिलं आणि तोंडातून निघालंच, "अगं बाई! मामा!"

बास. कुलूप तुटलं. कुत्र्याचं काय डोकं उठणार? "काय हो मामा, आज कशावरून बिनसलं? पुढची सीट दिली नाही म्हणून?" तो उठला आणि चालायला लागला. मीही चालले आणि बोलत सुटले. हॉस्टेलची मेस, तिथली नळ सोडून बाकी सगळीकडून गळणारी पाइपलाइन, परीक्षेत पुरवणीला दोरा मागून वर मी गप्पा कशा मारल्या, टॉपर कशी झोपेत सूत्रं म्हणते, सगळं. अस्सल मराठीत. मामा कान मागे टाकून माझ्या गुडघ्याला लागून चालायचा. रोज. एकदाही बसला नाही. मला वाटलं, पठ्ठ्याला मराठी कळायला लागली. खरं सांगते, मला गर्वच झाला.

मग एक दिवस ड्रायव्हरकाका आले. जन्मभर शहराची बस चालवून नुकतेच निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून त्यांची लेक त्यांना घेऊन आली होती. सगळं बोलणं लेकच करत होती. "आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडत नाहीत. बोलणं तर काय, आधीपासूनच बेताचं." काका नुसते मान हलवायचे. पण मामाच्या खोलीपाशी आले आणि खाली बसले. मामाने जाळीला नाक लावलं. दोघं कितीतरी वेळ तसेच. लेकीने माझ्याकडे पाहिलं, मी किल्लीबाईंकडे. मी नेहमीसारखी त्याच्याशी पुटपुटत मामाला फिरवून दाखवला. काय चालला म्हणून सांगू, अगदी संचलनात चालल्यासारखा. आठवडाभर घरी ठेवून बघायचं ठरलं.

मामा गाडीत बसून गेल्यावर किल्लीबाई म्हणाल्या, "या वेळी परत आला तर मी काही करू शकत नाही. त्याला शहराबाहेरच्या मोठ्या केंद्रात पाठवावं लागेल. तिथून म्हाताऱ्या कुत्र्यांना कुणी घरी नेत नाही." मी म्हटलं, "नाही येणार परत. हुशार आहे तो."

आठवडा संपायच्या आतच लेकीचा फोन. कुत्रा फाटकाच्या बाहेर बसतो तो बसतोच. काकांनी त्याला दोनदा उचलून घरात आणला, आता कंबर धरली आहे. किल्लीबाईंनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "तू चालवताना काय म्हणायचीस त्याला?" मी सांगितलं. "कुठल्या भाषेत?" मी तेही सांगितलं. किल्लीबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मी त्या बिचाऱ्या माणसाला परदेशी कुत्रा दिला!"

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी हजर. छोटं घर, एका रेषेत लावलेले बूट, खिडकीत सुकत चाललेली रोपं, आणि भिंतीवर बसमधली जुनी पाटी, खिळ्यावर अडकवलेली. लेकीने हसत वाचून दाखवली: चालकाशी बोलू नये. "सहकाऱ्यांनी निरोपाला दिली. बाबांनी जन्मभर पाळली."

शिकवणी सुरू झाली. "चल मामा." काका म्हणाले, "चल मामा." "उठा राजे." "उठा राजे." एकदा सांगितलं की जसंच्या तसं, आमच्या वर्गातले निम्मे लोक बाराखडीत याहून जास्त अडखळतात. आम्ही फाटकाबाहेर आलो. मामा चार पावलं चालला आणि बसला. काका म्हणाले, "चल मामा." मामाने त्यांच्याकडे अतिशय सभ्यपणे पाहिलं आणि तोंड वळवलं. "उठा राजे." ढिम्म. काकांनी दोन्ही वाक्यं पुन्हा म्हटली, मग नुसते उभे राहिले. लेक हळूच म्हणाली, "बाबा, राहू दे. तुमची कंबर दुखतेय. परत देऊन येऊ." काकांनी पट्टा सोडला नाही, पण मान खाली घातली. "बरं," म्हणाले.

मीच या कुत्र्याला माझी सवय लावून ठेवली होती आणि आता सुट्टी संपली म्हणून मी चालले होते विमानात बसून. मी फुटपाथवर मामाशेजारी बसले आणि मला रडूच फुटलं. काकांना कळावं म्हणून मी त्यांच्याच भाषेत बोलायला लागले, मोडकंतोडकं, व्याकरणाचा पार चुराडा. "माफ करा काका. मी फार बोलते. माझी मैत्रीण खोली सोडून गेली माझ्यामुळे. इथे गप्प राहणार होते, पण याच्याशी बोलले. कारण हा ऐकायचा. मला वाटलं, बोलून मी याचं भलं करतेय. आणि बघा, याचंही वाटोळं केलं." मी नाक पुसत उठले, बोलतच. आणि मामा उठला.

मी गप्प झाले. मामा बसला.

"अय्या!" मी म्हटलं. मग तिथल्या भाषेत पाढे म्हणायला लागले, जेवढे येत होते तेवढे. मामा उठून चालायला लागला. मी पुन्हा गप्प. बूड जमिनीवर. लेक तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मराठीबिराठी काही नाही हो! शहाण्याला पहिल्यापासून हवं होतं ते एवढंच, की शेजारी कुणीतरी सतत बोलत असावं. गप्प माणसाबरोबर जायची त्याची तयारी नव्हती.

"काका, बोला," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काहीही."

काकांनी तोंड उघडलं, मिटलं. मान हलवली. मला ते बघवेना. कुणीतरी बोल म्हटल्यावर बोलायला सुचत नाही, हे दुःख मला कधी कळलंच नव्हतं. ते रस्त्याकडे बघत राहिले. कोपऱ्यावरून एक बस वळली. काकांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, "पुढचा थांबा, बाजार."

मामाचे कान उभे.

"पुढचा थांबा, बाजार," काका म्हणाले. "इथे टोपल्या घेऊन बायका चढायच्या. एकीची कोंबडी सुटली होती बसमध्ये." मामा उठला. "पुढचा थांबा, शाळा. पोरं मागच्या दाराने चढायची, तिकीट चुकवायला. मला आरशात दिसायचं. मी बघायचो नाही." दोघं चालायला लागले. मी आणि लेक मागोमाग, आवाज न करता. "पुढचा थांबा, दवाखाना. इथे एक नर्स रोज धावत यायची. रोज उशीर. मी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून गाडी थांबवून ठेवायचो." इथे ते थांबले. मामाही बसायच्या बेतात होता. "पुढचा थांबा, पूल," काका घाईघाईने म्हणाले. असं करत करत त्यांनी अख्खा मार्ग म्हटला, डेपोपर्यंत. इतके लांब गेलो की परत यायला खरीच बस धरावी लागली. लेक खिडकीकडे तोंड करून बसली होती. मामा काकांकडेच राहिला.

आता माझ्याकडचं. मामाला, म्हणजे सख्ख्या मामाला, आईने सगळं सांगून टाकलं. कुत्र्याला त्याचं नाव दिलं म्हणून तो रुसलाय. फोटो दाखवल्यावर "माझ्यासारखाच दिसतो" म्हणून थोडा निवळलाय. टॉपर काही माझ्या खोलीत परत आली नाही, आणि बरोबरच आहे तिचं. पण मेसमध्ये शेजारी बसते. "जेवताना बोल, अभ्यासाच्या वेळी हाक मारलीस तर जीव घेईन," असा करार आहे. मी पाळते. अवघड जातं, पण पाळते.

काल जेवताना काकांचा आवाज आला, म्हणजे मोबाइलवर, लांबलचक रेकॉर्डिंग. मी टॉपरला एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. मागे पट्ट्याची कडी वाजत होती, म्हणजे ते चालता चालताच बोलत होते.

"पोरी, कशी आहेस? मामा बरा आहे, जाड झालाय. लेक हल्ली रविवारी आमच्याबरोबर येते. गेल्या रविवारी एक पंचाईत झाली. माझे थांबे संपले. सगळे मार्ग सांगून झाले, डेपोतल्या गप्पा झाल्या, आणि आम्ही घरापासून लांब. हा बसला. मला काही सुचेना. मग मी त्याला ती दवाखान्याच्या थांब्यावरची सांगितली, धावत यायची ती. शेवटी एक दिवस तिने विचारलं, तुमच्या बुटाची नाडी रोज इथेच कशी सुटते? ते सांगितलं. लग्न सांगितलं. ती आजारी होती ते सांगितलं, शेवटचे दिवसही सांगितले. घर येईपर्यंत सांगितलं. लेक म्हणाली, बाबा, आईबद्दल तुम्ही माझ्याशी हे कधीच बोलला नाहीत. मी म्हटलं, तू कधी रस्त्यात बसली नाहीस ना." मग काका हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

मी सांगायची थांबले होते. टॉपरने माझ्या कोपराला ढोसलं, "पुढे काय म्हणतात? बोल ना गं."

"म्हणतात, ठेवतो आता," मी म्हटलं. "म्हणतात, नाही, थांब. थांबलो की हा बसतो." आणि काका पुढे बोलतच राहिले.