मेन्नाच्या घरची घंटा

इद्वलनं जुन्या फोनच्या घंटेच्या लाकडी पेटीचं झाकण उघडलं आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारांचा गुंता चिमटीत धरून बाहेर ओढला. तारांवरचं कापडी वेष्टण बोटांतच भुगा झालं.

"होईल ना?" मेन्नानं विचारलं.

"न व्हायला काय झालं? घंटेच्या वाट्या शाबूत आहेत, मधला लोलक शाबूत आहे. तारा तेवढ्या नव्या घालतो. पण अगं, तुझ्याकडे नवा फोन आहे की चांगला. ही माळ्यावरची पेटी कशाला हवी तुला?"

मेन्नानं त्याच्यापुढे चहा ठेवला, मनुकांच्या पावाचा तुकडा ठेवला, आणि मगच बोलली.

"एकदा वाजवून बघायचीय. तू इथं वाजव. मी मागं कपड्यांच्या दोरीपाशी रेडिओ लावून उभी राहते. तिथवर ऐकू येते का, एवढंच बघायचंय."

दोरी का आणि रेडिओ का, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. अडतीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी पाटीच्या दगडाच्या खाणीत कडा ढासळून तिचा नवरा एलिस जबर जखमी झाला. दोन ते चारच्या दरम्यान इस्पितळातून तिला तीनदा फोन केला, कुणी उचलला नाही. एलिस तिचं नाव घेत पाचला गेला. ती तर घरीच होती, मागं कपडे वाळत घालत होती. बाई रेडिओ लावून गाणी ऐकत होत्या, असं सासूनं चॅपलच्या दारात चारचौघांत सुनावलं. तेव्हापासून त्या घरात रेडिओ वाजला नव्हता. आजचा तिनं बहिणीकडून मागून आणला होता.

गावाला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. त्याच मंगळवारी सकाळी शेजारच्या बेव्हनांचा फोन मेन्नाच्या लाइनीवर जोडून दिला होता तो तेव्हा टेलिफोन खात्यात लाइनमन असलेल्या इद्वलनं. अशा सामायिक लाइनीत प्रत्येक घराच्या घंटेला आपली वेगळी तार लागते. काम झालं की टेलिफोन एक्स्चेंजकडून घंटा वाजवून घ्यायची आणि मगच पेटी बंद करायची, असा शिरस्ता होता. पण इद्वल चोवीस वर्षांचा होता, खाली बसथांब्यावर एक मुलगी वाट बघत होती, आणि त्यानं पेटी तशीच बंद केली. मेन्नाची घंटा त्यानं बेव्हनांच्या तारेवर लावून ठेवली होती. इस्पितळ फोन करत राहिलं आणि या घरात घंटा एकदाही वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना 'जरा तपासून जातो' म्हणत तो आला आणि त्यानं ती एक तार गुपचूप जागेवर लावली. रडून डोळे सुजलेल्या मेन्नानं त्याला चहा दिला होता. तोही तो प्यायला होता, निलाजऱ्यासारखा. पुढं सासू बोलली तेव्हा चॅपलच्या त्याच पायरीवर तो मूग गिळून उभा होता.

आज त्यानं नव्या तारा घातल्या, स्क्रू आवळले. मेन्ना रेडिओ घेऊन मागच्या दारानं गेली. आणि मग त्याला ती युक्ती सुचली. दोन्ही वाट्यांचे स्क्रू सैल करून त्यानं त्या बाहेरच्या बाजूला फिरवल्या. आता लोलक नुसता हवेत थरथरला असता. तिला काही ऐकू येणार नाही. इथून आवाज पोचतच नव्हता असं समजून तिच्या मनावरचा दगड उतरेल, आणि आपल्यालाही तोंड उघडावं लागणार नाही. त्यानं घंटा वाजवायला सोबत आणलेल्या छोट्या जनित्राचं हँडल गरागरा फिरवलं. लोलक हलला. आवाज झाला नाही.

मेन्ना आत आली.

"आली ऐकू," ती म्हणाली. "रेडिओ चालू असताना आली. स्पष्ट. म्हणजे त्या दिवशीही येत असणार, माझंच लक्ष गाण्यांत होतं. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या."

इद्वलला तिच्याकडे बघवेना. त्यानं पेटी तिच्यासमोर सरकवली आणि पुन्हा हँडल फिरवलं. दोन वाट्यांच्या मध्ये लोलक मुकाट थरथरत राहिला. मेन्ना वाकून बघत राहिली.

"आत्ता ती वाजलीच नाही, मेन्ना. मीच तशी करून ठेवली होती. आणि त्या दिवशीही वाजली नव्हती. तार चुकीची लावली होती. मी. तपासलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी येऊन बदलली आणि गप्प बसलो."

बाहेर दोरीपाशी रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. मेन्नानं त्याचा अर्धा चहा उचलला, मोरीत ओतला आणि कप विसळून पालथा घातला.

"वाट्या जागेवर लाव," ती म्हणाली.

त्यानं लावल्या. स्क्रू दोनदा निसटला.

"मी दोरीपाशी पोचले की वाजव. आणि मी परत येईपर्यंत हात थांबवू नकोस."

ती गेली. इद्वल हँडल फिरवू लागला. घंटा खणखणीत वाजू लागली. खिडकीतून त्याला ती दोरीपाशी पाठमोरी उभी दिसत होती. त्याचा खांदा भरून आला, त्यानं हात बदलला. मेन्ना परत येत नव्हती.