खाडीपार केलेली चिंगळी

मी चिंगळी. मांजर बोलतंय म्हणून हसू नका. माणसं बोलली त्याचं काय झालं ते आधी ऐका.

माझा जन्म रत्नागिरीच्या बंदरामागच्या वस्तीत, फाटक्या जाळ्यांच्या ढिगात झाला. कचऱ्याची गाडी रस्त्यापर्यंत येते, आमच्या बोळात शिरत नाही. त्यामुळे मासळीची डोकी, आतडी बोळातच पडतात. त्यावरच आम्ही मांजरं वाढलो, एकमेकांना चिकटून. मी कोळंबीच्या पिल्लासारखी बारकी, वाकडी. म्हणून मासळी विकणाऱ्या गुणवंतीने मला चिंगळी म्हटलं आणि घरात घेतलं. उंदरांनी तिचे तांदूळ संपवत आणले होते. तिची लेक भाविका मला गळ्याशी घेऊन झोपायची.

पावसाळ्यात माझ्या कानामागचे केस झडले. मग भाविकाच्या मानेवर लाल गोल चट्टा उठला. मग गुणवंतीच्या कमरेला. घरात टॉवेल एकच, तोही श्रावणभर वाळत नाही. दुकानातून ट्यूब आणली. खाज गेली, चट्टे गेले, ट्यूब संपली. चट्टे परत आले, मोठे होऊन. गेलेलं परत कसं येतं? मला कळेना.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी पिशवीत.

"गजकर्ण आहे. मांजराकडून आलंय. तिघींनाही एकदमच औषध करा. टॉवेल वेगळे ठेवा, कपडे उन्हात वाळवा."

"ऊन कुठच्या दुकानात मिळतं, बाई?" गुणवंती म्हणाली. "नि टॉवेल वेगळा? आधी खोली वेगळी द्या, मग टॉवेलाचा बघू."

बाईंनी माझ्या कानामागे बघितलं. मग म्हणाल्या, "हिला जनावरांच्या दवाखान्यात न्या."

तो दवाखाना सकाळी उघडतो. सकाळी गुणवंती मासळीच्या लिलावाला. लिलाव चुकला की टोपली रिकामी. ती कधी जाणार?

मग शाळेने चट्टे बघून भाविकाला घरी पाठवलं. तिचे वडील दत्ताराम बोटीवरून आले ते तडकूनच. "हा मांजार खाडीपार करतो."

आमच्याकडे असंच करतात. पुलावरून नाही, होडीतून. पाणी ओलांडलं की मांजर वाट विसरतं म्हणे.

"बाबा, नको न्हेव तिला! ती काय करणार तिकडे?"

"तिकडे पण माणसाच ऱ्हातात गो."

हे वाक्य मला अजून उलगडलेलं नाही. तिकडे माणसं राहतात, म्हणून मला सोडायचं? की म्हणूनच सोडायचं नाही?

पलीकडे तशीच पत्र्याची वस्ती, तसाच बोळ. सानवी नावाच्या पोरीने मला उचललं. तिची आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. उंदीर माजलेत." पहिल्याच संध्याकाळी मी सानवीच्या गळ्याशी झोपले. मला दुसरं काही येतच नाही.

पंधरवडा झाला. आज सानवी हनुवटीखाली खाजवत होती. आईने तिला दारातल्या उजेडात नेलं, तोंड वर केलं, आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. बाहेर तिचे बाबा शेजाऱ्याला विचारत होते, "उद्या होडी मिळेल काय रे?"

लोकहो, या खाडीला काठ दोनच आहेत. पलीकडच्या काठावर भाविका आहे. एव्हाना ती बरी झाली असेल, शाळेत जात असेल. मला बघितलं की ती आधी गळ्याशी धरेल.

मला तिच्याकडे जायचंय हो. पण अशी नको. होडी राहू दे. कुणीतरी मला त्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन चला.