ट्रकवाली लेव्हल

“पुन्हा पाठीवरच पडला,” सुखदेव स्वतःशी म्हणाला आणि त्याने खेळ परत सुरू केला.

कांताबाई त्याचे पाय उचलून खालची चादर ओढून घेत होती. पाय जड होते, पण तिला आता त्याची सवय झाली होती. मार्केट यार्डात कांद्याची गाडी खाली करताना सुखदेव पोत्यासकट पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं, त्याला तीन वर्षं झाली होती. हात मात्र तसेच राहिले होते, हमालाचे, रुंद पंज्यांचे. त्या पंज्यात माउस लिंबाएवढा दिसायचा.

लॅपटॉप त्यांच्या मुलीचा, नम्रताचा. तिला खराडीच्या कंपनीत नवा मिळाला तेव्हा जुना तिने बापाला दिला. त्यावर इंटरनेटवरचा एक फुकटचा खेळ लावून दिला आणि कसा खेळायचा ते दाखवलं. उंचावर एक माणूस उभा असतो. हाडं नसलेला, चिंधीच्या बाहुलीसारखा. बटण दाबलं की तो वाकतो, सोडलं की उडी मारतो, हवेत पुन्हा दाबलं की गुडघे पोटाशी घेऊन गरगर फिरतो. वेळेवर बटण सोडलं तर खाली पायांवर उभा राहतो. चुकलं तर आपटतो आणि हातपाय कुठल्या कुठे जातात. “पप्पा, टाइमपास आहे, स्ट्रेस जातो,” असं नम्रता म्हणाली होती. पहिल्या दिवशी बाहुला तोंडावर आपटला तेव्हा सुखदेव हसला होता. घरात इतक्या दिवसांनी हसू ऐकून कांताबाईला त्या खेळाबद्दल मायाच वाटली.

ती माया फार टिकली नाही. सकाळी कांताबाई कल्याणीनगरला दोन घरचा स्वयंपाक करायला जायची, दुपारी येरवड्याला परत यायची, तेव्हाही तो तसाच खेळत बसलेला असायचा. दंडाचे व्यायाम बंद झाले. चाकाच्या खुर्चीत बसायचंही त्याने सोडलं. फिजिओ साहेब म्हणाले, हात इतके चांगले आहेत, हा माणूस खुर्चीवरून सगळं करू शकेल. सुखदेवने त्यांचं ऐकून घेतलं आणि ते गेल्यावर लॅपटॉप उघडला.

एका रविवारी साईनाथ आला. साईनाथ सुखदेवच्याच टोळीतला, दोघं एकाच वर्षी यार्डात लागले होते. अपघातानंतर बाकीचे हळूहळू यायचे थांबले. साईनाथ मात्र दर रविवारी भाजीची पिशवी घेऊन यायचा, दाराशी ठेवायचा, अर्धा कप चहा घ्यायचा आणि जायचा. त्या दिवशी तो टेकून बसला. आडत्याशी त्याचं बोलणं झालं होतं. गाळ्यावर बसून फोन घ्यायचे, आलेल्या गाड्यांना जागा सांगायची, एवढंच काम. सुखदेवला यार्डातलं सगळं माहीत. सकाळी टेम्पो दारात येईल, जिन्यावरून उतरवायचं साईनाथ बघेल.

सुखदेवने स्क्रीनवरून नजर काढली नाही. “नको,” म्हणाला.

साईनाथ चहा तसाच ठेवून उठला.

तो गेल्यावर कांताबाईने जाऊन लॅपटॉप मिटला. ती ओरडली नाही. ती म्हणाली, दोन घरचा स्वयंपाक करून तिची मान धरते, पोरीचं लग्न ठरलं की तीही जाईल, आणि घरातला माणूस बाहुल्याला उड्या मारायला लावतोय. माणूस एवढ्या लांबून काम घेऊन येतो आणि त्याच्याकडे बघायचंही नाही?

“उघड ते,” सुखदेव म्हणाला. “तुला दाखवतो.”

तिने उघडलं. स्क्रीनवर एक ट्रक उभा होता आणि बाहुला त्याच्या मागच्या फाळक्यावर. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की गेले कित्येक महिने तिने येता-जाता हाच ट्रक पाहिला होता. खेळात छपरं होती, पूल होते, झाडं होती. सुखदेव एवढी एकच लेव्हल खेळत होता.

“मी असा उभा होतो,” तो म्हणाला. “पाठ करून. साईनाथ वर, पोत्यांच्या थप्पीवर. खालच्याने पाय रोवले की तो म्हणतो, ‘सोड.’ मग वरचा पोतं सोडतो. इतकी वर्षं असंच.” त्याने बटण दाबलं. बाहुला उडाला आणि मानेवर पडला. “तो सांगतो, हातातून सुटलं. पण मी ‘सोड’ म्हणालो होतो का, एवढंच आठवत नाही. त्याच्या आधीचं आठवतं, खाली पडल्यावरचं आठवतं. तेवढंच नाही. वाटतं, याला पाडत राहिलो तर आठवेल.”

कांताबाई पलंगाच्या कडेला टेकली. तिने विचारलं, साईनाथभाऊजींना का नाही विचारलं?

“तो ‘नाही’ म्हणाला तर? मग त्याची भाजी खाऊ का मी?”

पुढच्या रविवारी साईनाथ पिशवी ठेवून वळला तेव्हा ती त्याच्यामागे जिन्यात गेली. दार तिने ओढून घेतलं.

“भाऊजी, त्या दिवशी ह्यांनी ‘सोड’ म्हटलं होतं?”

साईनाथने कठड्यावर हात ठेवला. खालच्या मजल्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

“नव्हता म्हणला,” तो म्हणाला. “मागं तीन गाड्या लागल्या होत्या. मला वाटलं, उभा हाय. सुटलं हातातून, असं मी सगळ्यांना सांगितलं. सुटलं नव्हतं वहिनी, सोडलं मी.”

तो रडला असता तर कांताबाईला बरं वाटलं असतं. तो रडला नाही. पोलिसांना सांगायचं असेल तर सांगा, एवढंच म्हणाला. तिच्या डोळ्यांपुढून तीन वर्षांतल्या भाज्या सरकल्या, मेथी, वांगी, कोथिंबिरीच्या जुड्या. त्या सगळ्या तिने चवीने शिजवल्या होत्या. ह्या माणसाच्या हाताने सासरच्यांची, माहेरच्यांची, सगळ्यांची जागा भरून काढली होती, आणि तोच तो हात होता.

“टेम्पो अजून मिळेल का?” तिने विचारलं.

साईनाथने मान डोलावली.

“मग हे तुम्ही मला सांगितलंच नाही. एवढं लक्षात ठेवा.”

ती आत आली तेव्हा सुखदेव तिच्याकडेच बघत होता. दार जाड नव्हतं, पण बोलणं पोचलं नसावं, फक्त ती दोघं बोलतायत एवढं कळलं असावं.

“काय म्हणाला?”

कांताबाई पिशवीतली भाजी परातीत काढायला लागली. “तुम्ही ‘सोड’ म्हणालात म्हणे. मोठ्यांदा. बाजूच्या गाडीवरच्यांनीही ऐकलं. तुमची चूक झाकायला ते ‘सुटलं’ म्हणत राहिले.”

ती भाजी निवडत राहिली, पालेभाजीची चांगली पानंही तिच्या हातून देठांबरोबर टाकली गेली. शेवटी सुखदेव म्हणाला, “म्हणजे माझंच चुकलं.” आणि मग, “बरं झालं. मी उगाच त्याच्यावर संशय घेऊन बसलो होतो.”

त्याचा आवाज हलका झाला होता. तो हलकेपणा तिला सहन होईना, म्हणून ती मोरीत जाऊन हात धूत बसली.

सोमवारी सकाळी साईनाथ टेम्पो घेऊन आला. सुखदेवने दाढी केली होती, नम्रताने इस्त्री केलेला शर्ट घातला होता. इमारतीला लिफ्ट नव्हती. साईनाथ पलंगाशी पाठ करून खाली बसला. सुखदेवने त्याच्या गळ्यात हात टाकले, आणि साईनाथने त्याला पाठीवर घेतलं, मांड्यांखाली हात घालून, तोल सांभाळत. मागून कांताबाई मिटलेली चाकाची खुर्ची घेऊन निघाली. नवऱ्याचे पाय साईनाथच्या दोन्ही बाजूंना लोंबत होते. नवे बूट भिंतीला घासत होते.

पहिल्या वळणावर सुखदेव साईनाथच्या कानाशी म्हणाला, “कांताने सांगितलं मला. चूक माझी होती. मनावर घेऊ नको, साईनाथ.”

साईनाथ थांबला. पायरीवर एक पाय पुढे, एक मागे. त्याच्या मानेवरची शीर तट्ट फुगलेली कांताबाईला वरून दिसत होती. एका क्षणी तिला वाटलं, आता हा सांगणार.

“चला भाऊजी,” ती म्हणाली. “टेम्पोवाला खोळंबलाय.”

साईनाथने सुखदेवला पाठीवर जरा वर घेतलं आणि एकेक पायरी चाचपत तो खाली उतरू लागला.