भिकाच्या नावाची बिडी

नळीत फुंक मारून समाधानने यंत्र परत दिलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. श्वासातल्या धुराचा आकडा बघायची त्याला गरज नव्हती.

“काका, आजही बिडी?” किरणोपचार देणाऱ्या तेजस्विनीने विचारलं.

“नाही वो ताई. हिची शपथ.”

शपथ घ्यायला बायको शेजारीच होती. मंजुळाबाईने मान खाली घातली.

तेजस्विनीने पुन्हा समजावलं. मूत्राशयातल्या गाठीच्या आत प्राणवायू पोहोचत नाही, आणि तो नसला की किरणांची धार बोथट होते. म्हणून तर मास्कमधून जादा द्यायचा. बिडीचा धूर रक्तात नेमकी त्याचीच जागा अडवतो.

“वीसपैकी अकरा दिवस असेच गेले काका. गाठ नाही विरली तर मूत्राशय काढावं लागेल. तेही जमलं तर.”

नाव समाधान, पण ते जिवाला कधी लाभलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुधाची पिशवी आणतो म्हणून खोलीतून निघाला, तेव्हा मंजुळाबाई मागोमाग गेली. पूर्वी कामाला होता त्या, नरोलीच्या बंद पडलेल्या रंगाच्या कंपनीमागे तो एका दगडापुढे उकिडवा बसला. बिडी पेटवून दगडावर ठेवली. ती विझू लागली तशी उचलून दोन झुरके मारले, पुन्हा ठेवली. बिडीच ती, ओढली नाही तर विझणारच.

“लाज वाटत नाही खोटी शपथ घ्यायला?”

तो दचकलासुद्धा नाही.

“माझी नाही ही. भिकाची आहे.”

भिका सात वर्षांपूर्वी कंपनीच्या टाकीत गुदमरून गेला, हे तिला ठाऊक होतं. तो आणि समाधान कामासाठी पारोळ्याहून एकाच गाडीने आले होते. पुढचं तिने आज पहिल्यांदा ऐकलं.

“टाकीत उतरायची पाळी माझी होती. मी म्हटलं, एवढी बिडी संपवून येतो. तो म्हणे, ओढ निवांत, मी जातो.” समाधानने झुरका मारला. “अमावस्येला देत होतो त्याला. पण हा मास्क लागला ना, तसा तो रोज येतो. आत त्याचाच श्वास ऐकू येतो. हवा दे म्हणतो. मी कुठून देऊ?”

मंजुळाबाईला संताप आला आणि रडूही आलं. अकरा दिवस देवाला हात जोडण्यात घालवले, आणि इथे हा माणूस स्वतःच्या हाताने मरण पेटवत बसला होता. मेलेल्याशी भांडावं तरी कसं?

ती त्याच्या शेजारी बसली. त्याच्या बोटांतली बिडी काढून घेतली, स्वतःच्या ओठांत धरली आणि ओढली. जन्मात कधी न ओढलेली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकली. टोक लाल झालं तसं तिने ती जपून दगडावर ठेवली.

“तुम्ही व्हा पुढे. दवाखान्याची गाडी निघून जाईल.”

तो उठला, पण जाईना. मंजुळाबाईने डोक्यावर पदर घेतला.

“भिकाभाऊ,” ती दगडाला म्हणाली, “उद्यापासून मी येत जाईन. यांची वाट बघू नका.”