निळ्या दोऱ्याचं वर्ष

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खाट आहे, पण पुढचं सांगायच्या आधी ते दार जरा लोटून घ्या, कारण या घरात कोण कुठून ऐकत असेल याचा नेम नाही. लोटलं? नीट? बरं, आता ऐका.

मी दिसायला साधीच आहे. लोखंडी पाइप, मधे हिरव्या-पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्या आणि कमरेत दोन बिजागऱ्या. मिटलं की मी अर्धी होते आणि दारामागे मावते. मला ज्या वेल्डरनं बनवलं ना, तो इतका संशयी होता की त्याचा स्वतःच जोडलेल्या सांध्यावर विश्वास नव्हता. आधी हातोडीनं ठोकून बघितलं, मग स्वतः बसला, मग बसल्या बसल्या तीनदा उसळला आणि शेवटी शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारली, "ये रे, तू बस, तू जड आहेस!" मला वाटतं तो संशय तिथंच माझ्या पाइपात शिरला आणि आत बंद झाला. हसू नका. खरंच सांगतेय.

मला विकत घेतलं मामानं. मामा म्हणजे या घरातल्या आईचा थोरला भाऊ. ट्रक चालवतो, काचेच्या बाटल्यांचे क्रेट पोचवतो. आईनं नवा संसार मांडला तेव्हा कुणी घड्याळ दिलं, कुणी कपबशा दिल्या आणि हा पठ्ठ्या मला खांद्यावर टाकून तीन जिने चढून आला. "घे छोटे, तुला."

आई म्हणाली, "मला की तुला?"

"एकच ना! मी आलो की झोपू कुठं? तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर?"

तेव्हापासून दर पंधरा-वीस दिवसांनी मामा सकाळी यायचा, अंघोळ करायचा, चार घास खायचा आणि माझ्यावर असा पडायचा की दुपार कलली तरी उठायचा नाही. घोरणं तर विचारू नका. शेजारचे आजोबा एकदा विचारायला आले होते, "तुमच्याकडे पंप बसवलाय का?" मामा उठला की माझ्या पाइपावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "गादीवर येत नाही अशी झोप हिच्यावर येते." मित्रांनो, माझं कौतुक एवढंच झालं, पण एवढं पुरतं हो एखादीला.

बाकीचे दिवसही मी काही रिकामी नसायचे. उन्हाळ्यात मला गच्चीवर न्यायचे, कारण घरात पंखा फक्त गरम हवा ढवळायचा. पावसाळ्यात माझ्यावर ओले कपडे पसरायचे आणि पायाशी टेबलफॅन लावायचे. थंडीत गॅलरीत उन्हाला ठेवायचे, रजया टाकून. घरातली लेक, जिला सगळे भिंगरी म्हणतात कारण ती एका जागी थांबतच नाही, तिला गोवर आला तेव्हा आठ दिवस ती माझ्यावरच होती. आई शेजारी जमिनीवर बसून शिवण करायची. घरी बसून शाळेचे युनिफॉर्म शिवते ती. शाळा उघडायच्या आधी तर घरात चालायला वाट नसते.

आणि या वाटेवरूनच सगळं सुरू झालं.

झालं असं, गेल्या वर्षी थंडी सरताना आई माळ्यावरचं काहीतरी काढायला गेली आणि सगळा माळा तिच्या अंगावर आला. धाडधाड! खाली पडलेल्या ढिगात पाच बॅटऱ्या निघाल्या. पाचही बंद. आई त्या ढिगात मांडी घालून बसली आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मला तेव्हाच शंका आली. गप्प बसलेली आई ही साधी गोष्ट नसते.

मग ती बाबांना म्हणाली, "अहो, उन्हाळ्यात माणसाला लागतं काय? एक चादर आणि वारा. पावसात लागतं काय? एक कोरडा कोपरा. मग हे सगळं कुणासाठी साठवलंय आपण? मी शिवू की हे आवरू? माझं अर्धं आयुष्य वस्तू इकडच्या तिकडं करण्यात गेलं."

बाबा छापखान्यात मशीनवर असतात आणि त्यांचं आवडतं वाक्य एकच आहे, "राहू दे, लागेल कधीतरी." ते तेच म्हणाले.

"लागेल ना? मग बघूच, लागतंय का," आई म्हणाली.

आता नीट ऐका, कारण सगळी गंमत यातच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आला होता. झोपला, दुपारी उठला, तोंड धुवायला गेला. आईनं नेहमीसारखं मला मिटलं. आणि मग मशीनवरचं निळ्या दोऱ्याचं रीळ घेतलं आणि माझे पाय एकमेकांना दोऱ्यानं बांधले. चार वेढे, वर दुहेरी गाठ.

मी चाट पडले! इतक्या वर्षांत मला कुणी बांधलं नव्हतं. मी काय पळून जाणार होते?

तेवढ्यात मामा टॉवेलनं मान पुसत बाहेर आला. त्यानं माझ्याकडं बघितलं. गाठीकडं बघितलं. आईची पाठ होती, ती दात लावून दोरा तोडत होती. मामाचा टॉवेल मानेवरच थांबला. मी बघितलंय, मित्रांनो, मी समोरच होते. मग तो चहा प्यायला, अर्धाच, आणि म्हणाला, "निघतो."

एरवी "येतो" म्हणायचा.

तो गेल्यावर आईनं मिक्सरला दोरा बांधला, इस्त्रीला बांधला, बाबांच्या ड्रिलमशीनला बांधला, जादा खुर्च्या, मोठं पातेलं, भिंगरीचे स्केट्स, सगळ्याला निळा दोरा. आणि घरात जाहीर केलं, "एक वर्ष. तिन्ही ऋतू. ज्याला वस्तू लागेल त्यानं दोरा तोडून वापरावी. वर्षानंतर ज्याचा दोरा शाबूत, ती वस्तू घराबाहेर. रडारड नाही."

सगळ्यांना वाटलं नियम सगळ्यांसाठी आहे. मला नाही वाटलं. मी म्हटलं, ही बाई हुशार आहे, हिला भावाचं येणं नको झालंय, तोंडानं बोलवत नाही म्हणून दोरा माझ्यापासून सुरू केला, आणि कुणाला कळू नये म्हणून बाकीच्यांनाही बांधला. बरोबर की नाही? तुम्हीही असंच म्हणाला असता!

आणि मामा खरंच आला नाही. पंधरा दिवस झाले, महिना झाला. आईनं फोन लावला तर म्हणाला, "रूट बदललाय गं." आई फोन ठेवून म्हणाली, "दादाचं काहीतरी बिनसलंय. मला सांगत नाहीये." मी दारामागून ऐकत होते. म्हटलं, काय नाटक करतेय बघा!

उन्हाळा आला. मला वाटलं आता तरी गच्ची. पण आई म्हणाली, "जमिनीवर सतरंजी टाकू, साधं बरं." पावसाळा आला, तिनं घरात या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत दोरी ताणली, कपडे तिच्यावर. माझ्या बिजागऱ्यांना गंज चढायला लागला. एरवी मामा तेल घालायचा.

बाकीचे मात्र सुटत होते. बाबांनी तर एका रविवारी कहरच केला. त्यांच्या सगळ्या हत्यारांचे दोरे एकदम तोडले आणि दिवसभर भिंतीला भोकं पाडत बसले.

"अहो, काय टांगणार एवढ्या भोकांत?"

"ठरवतोय," बाबा म्हणाले.

मिक्सर सुटला, इस्त्री सुटली, मोठं पातेलंसुद्धा सुटलं. आणि त्या ड्रिलमशीननं सुटल्यावर माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ना, ते मी विसरणार नाही.

मग एक दिवस भिंगरी कात्री घेऊन माझ्यापाशी आली. हळूच. मला वाटलं हिचाही काहीतरी डाव असणार. कात्री दोऱ्याला लावली आणि मागून आईचा आवाज, "झोपणार आहेस तिच्यावर?"

भिंगरी दचकली. "नाही."

"मग नुसतं वाचवायला तोडायचं नाही. नियम म्हणजे नियम."

"मग मामा आल्यावर कशावर झोपेल?"

आईनं कात्री तिच्या हातातून काढून घेतली. "आला तर पाहिजे ना," ती म्हणाली. तिचा आवाज विचित्रच होता. मला पहिल्यांदा वाटलं की माझा हिशेब कुठंतरी चुकतोय. पण मी लगेच स्वतःला बजावलं, फसू नकोस!

थंडी आली. रजया गॅलरीच्या कठड्यावर वाळल्या. आणि वर्ष भरलं.

त्या सकाळी आई कात्री घेऊन घरभर फिरली. निळा दोरा शाबूत असलेल्या सात वस्तू निघाल्या, त्यांत भिंगरीचे स्केट्स आणि मी. आई ज्या शाळेचे युनिफॉर्म शिवते तिथल्या शिपाईकाकांनी मला मागून ठेवलं होतं. ते आलेसुद्धा. "वा, मजबूत आहे!" म्हणून माझं एक टोक उचललंही. मित्रांनो, कामाशिवाय दारामागे वर्ष काढणं वाईटच, पण ज्याच्यासाठी आपल्याला आणलं त्याला न भेटता जाणं फार वाईट.

"एक मिनिट काका," आई म्हणाली. "ती माझ्या भावानं दिलीय. त्याला सांगते, मग न्या." हातात सामान होतं म्हणून तिनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. सगळ्यांना ऐकू येत होतं.

"दादा, तुझी खाट देऊन टाकतेय रे. वर्षात कुणी वापरली नाही."

तिकडून मामा म्हणाला, "दे की. मला काय विचारतेस? वर्षापूर्वीच बांधून ठेवली होतीस."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मी तोंड धुवून येतोय तर खाटेला गाठ! म्हटलं, बहीण तोंडानं बोलत नाही, दोऱ्यानं बोलतेय. समजायचं ते समजलो. पोरगी मोठी होतेय, घर लहान आहे, मी घोरतो. रागावलो नाही गं."

आईच्या हातातलं पातेल्याचं झाकण खाली पडलं. खणखणत गोल गोल फिरलं.

"अरे गाढवा," आई म्हणाली, "मी सगळ्यालाच बांधत होते! मिक्सरला बांधला, इस्त्रीला बांधला! तू समोर होतास म्हणून खाट आधी! एक शब्द विचारायचास की नाही?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

आईनं घरातल्या सगळ्यांना नियम सांगितला होता. मामाला सांगायचं राहिलं, कारण तो घरात राहत नव्हता. आणि मित्रांनो, मीही वर्षभर तिलाच दोष देत बसले होते. वेल्डरचं नाव घेतलं की मला आता लाजच वाटते.

"मग वर्षभर झोपलास कुठं?" आईनं हळूच विचारलं.

"गाडीत. तुमच्याकडच्या उड्डाणपुलाखाली लावतो."

"इथं? आमच्या पुलाखाली? रूट बदलला म्हणालास ना!"

"तिथनं तुमची गॅलरी दिसते," मामा म्हणाला. "रजया वाळत असल्या की कळतं, सगळे बरे आहेत."

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आईनं फोनवर फक्त एवढंच विचारलं, "आत्ता कुठं आहेस?"

"तिथंच."

"हलू नकोस. हललास तर बघ!" आईनं फोन बंद केला आणि माझं एक टोक उचललं. "काका, धरा दुसरी बाजू."

"कुठं न्यायची? शाळेत?"

"पुलाखाली."

मग काय वरात निघाली म्हणता! पुढं आई, मागं शिपाईकाका, मधे मी, शेजारून बाबा "अगं, हळू, पाय मुरगळेल" करत आणि सगळ्यांच्या पुढं भिंगरी, तिच्या मामाच्या नावानं ओरडत. मामा ट्रकच्या पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली, मान एका बाजूला आखडलेली. केबिनमधे झोपून झोपून तशीच झाली असणार. आईनं मला त्याच्यासमोर उभं केलं, खाली वाकली आणि दातानं दोरा तोडला. मग मला उघडलं. मी इतकी कुरकुरले की पुलाखालची कबुतरं उडाली.

"झोप," आई म्हणाली.

"इथं? रस्त्यात?"

"वर्षभर झोपलासच की! आज माझ्यासमोर झोप."

मामा बसला. माझ्या पट्ट्या खाली गेल्या. तो बारीक झाला होता, मला लगेच कळलं. आई त्याच्याशेजारी बसली. एक बस गेली, एक सायकलवाला थांबून बघून गेला. शेवटी शिपाईकाकांनी घसा साफ केला, "म्हणजे ताई, ही आता मला मिळत नाही म्हणायची."

"नाही हो काका. स्केट्स चालतील?"

काका इतके हसले की मामालाही हसू फुटलं.

घरी परत येताना जिन्यात आई बाबांना म्हणाली, "मला फक्त सामान कमी करायचं होतं हो. माणूस कमी झालं आणि मला वर्षभर कळलं नाही." बाबांनी माझं वजन तिच्या हातातून आपल्या हातात घेतलं.

आता या क्षणी मामा माझ्यावर झोपलाय आणि पंप सुरू आहे, म्हणून मी इतक्या हळू बोलतेय. तेवढ्यात मित्रांनो, एक विनंती. घर हलकं करा, जरूर करा, आईची पाठ दुखते. पण एखादी वस्तू वर्षभर कुणी वापरली नाही असं दिसलं, तर ती टाकायच्या आधी आठवून बघा, ती वापरायला कोण यायचं. आणि त्याला फोन करा. तो म्हणेल रूट बदललाय. त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका.